धाकटा नील

सुट्टीत कोणत्या बेटावर जायचं, यावर आमच्या घरी महिनाभर खल चालला होता. मालदीवमध्ये जवळजवळ बाराशे बेटं, पण पाहुणा उतरतो तिथे बहुतेकदा एक बेट म्हणजे एक हॉटेल. शेजारपाजार नाही, शाळेत निघालेली पोरं नाहीत. असं बेट मला परकं वाटतं. आईला सेल्युलर जेल बघायचं होतं, म्हणून अंदमान ठरलं. तरी प्रश्न उरलाच. तिथल्या दोघा भावांपैकी मुक्काम कोणाकडे करायचा, थोरल्या हॅवलॉककडे की धाकट्या नीलकडे?

थोरला देखणा. राधानगरचा लांबलचक पांढरा किनारा, त्याच्या पाठीशी उंच झाडांचं रान. 2004 मध्ये टाइम मासिकाने त्या किनाऱ्याची वाखाणणी केली आणि पाहुण्यांचा राबता वाढला. धाकटा ठेंगणा, सपाट, 2011 च्या जनगणनेत तीनेक हजार वस्तीचा. सहलीच्या कार्यक्रमात त्याच्या वाट्याला अनेकदा अर्धा दिवस येतो: बोटीतून उतरा, दगडी पूल बघा, शहाळं प्या, परत बोटीत बसा. हे मला मनापासून खटकतं. नील अर्ध्या दिवसात बोलायलाच लागत नाही.

त्याच्या नावात मोठं दुखणं आहे. 1857 च्या उठावात अलाहाबाद आणि आसपासच्या गावांत ज्याने माणसं सरसकट फासावर चढवली, त्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचं हे नाव. हॅवलॉकही त्याच युद्धातला सेनापती. उठावानंतरच्या वर्षी, 1858 च्या मार्चमध्ये, बंडवाल्या कैद्यांना काळ्या पाण्यावर आणायला सुरुवात झाली, आणि त्याच दर्यातल्या बेटांवर त्यांना चिरडणाऱ्यांची नावं बसली. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तो 30 डिसेंबर 1943 ला. त्याला 75 वर्षं झाली त्या दिवशी, 2018 मध्ये, नीलचं शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. हे व्हायलाच हवं होतं. पण धक्क्यावरच्या माणसांच्या तोंडी अजून नीलच आहे, आणि माझ्याही, कारण मला त्यात तो इंग्रज ऐकूच येत नाही.

मला ऐकू येतो रामायणातला नील, नलाबरोबर सेतू बांधणारा. याला कारण आहे. या बेटावरच्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासित कुटुंबांची ही वसाहत. ज्यांनी वनवास भोगला त्यांच्या गावांना वनवासातली नावं. बोट लागते ती भरतपूरला. वनवासातून परतणाऱ्यांची वाट बघत जो चौदा वर्षं बसला, त्याच्या नावाच्या धक्क्यावर. सूर्य उगवतो सीतापूरला, मावळतो लक्ष्मणपूरला. आणि लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाचा, लाटांनी कोरलेला एक पूल खरोखरच उभा आहे. बंगाली वस्तीने त्याला कौतुकाने हावडा ब्रिज म्हटलं. मी मात्र आईला सांगितलं, हा नीलाचा सेतू. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती.

स्वभावाने नील शेतकरी. अंदमानची भाजीची टोपली म्हणतात त्याला. आत वळलं की भातखाचरं, भाज्यांचे वाफे, केळी, सुपारी, आणि कुंपणापाशी पाठ वाकवून काम करणारी माणसं. पाहुण्यासाठी तो काम थांबवत नाही, पण वाट विचारली तर वाफ्यातून उठून वळणापर्यंत सोबत येणारे भेटतात. किनाऱ्यालगत केवड्याच्या जातीची काटेरी झुडपं दिसली तेव्हा आई म्हणाली, "अगो, हे तर आपल्याकडलं!" राजापूरच्या तिच्या माहेरी ओढ्याकाठी केवड्याचं बन होतं.

त्याचं घड्याळ मात्र वेगळं. मुंबई 73 रेखांशावर, नील 93 च्या आसपास. वीस अंशांचा फरक म्हणजे ऐंशी मिनिटं, आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी वामकुक्षी करून चहा घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्याला अंधारच भेटतो. नीलकडे राहायचं तर पहाटे पाचला उठावं, सीतापूरला जाऊन बसावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो तिथी पाळतो. त्या पुलापर्यंतची वाट आणि त्याच्या पायाशी असलेलं खडकांतलं जग ओहोटीलाच उघडं पडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं चढतं तितकंच खोल मागे जातं. मग डबक्याडबक्यांत समुद्रकाकड्या, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, जिवंत प्रवाळाचे तुकडे दिसतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते अर्धंमुर्धं झाकलेलंच राहतं. तिकिटं काढताना आपण विमानाचे दर बघतो, हॉटेल बघतो. तिथी बघायचं सुचत नाही. नीलकडे जाणाऱ्याने ती आधी बघावी. आणि त्या डबक्यांत पाय जपून टाकावा. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलंय ते फार हळू वाढतं. तिथला वाटाड्या पोरगा प्रत्येक पावलाला "दीदी, पत्थर पे, पत्थर पे" म्हणत होता, ते त्यासाठीच.

कोकणात तिथीच्या पाऊणपट तास धरून भरतीची वेळ काढतात. आईने बोटांवर तोच हिशेब मांडला. तिथे तो जुळेना. वाटाड्या पोराने तिथला हिशेब सांगितला, तिने तो दोनदा घोकून घेतला.

परतीच्या बोटीत भाजीच्या टोपल्या होत्या, त्यांच्याशेजारी आमच्या बॅगा. घरी आल्यावर आईने भिंतीवरची दिनदर्शिका काढली, चष्मा लावला, पानं उलटत माघापर्यंत गेली आणि पौर्णिमेभोवती पेन्सिलीने गोल काढला. मग त्याच्या पुढच्या दिवसाभोवतीही एक काढला.