सात भावांची चिठ्ठी

त्सेलेचा ड्यूक विल्हेल्म १५९२ साली वारला. मागे सात मुलगे. राज्याचे तुकडे नकोत म्हणून त्यांनी ठरवलं: तोलामोलाचं लग्न एकानंच करायचं. चिठ्ठ्या टाकल्या, निघाली सहाव्या गेओर्गची. त्याचा नातू १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर बसला. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यामुळे हा शहाणपणा मला कळतो. पण वंशावळ वाचताना मी अडते ती आउगुस्टपाशी. त्यानं इल्झे श्मिडिशेनशी संसार थाटला. मुलांना ‘फॉन ल्यूनेबुर्ग’ आडनाव मिळालं, गादी नाही. विल्हेल्मला आठ मुलीही होत्या. त्यांच्या नावाची चिठ्ठीच नव्हती. मला निदान हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं.