साडेसहाशेच्या आत

प्रिय सई,

परवा फोन उचलल्या उचलल्या तू विचारलंस, "आत्या, साडेसहाशेच्या साडेसहाशे शब्द भरायचे का गं?" माझा डोळा कसा आहे, नाशकात पाऊस थांबला का, काही नाही! मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुझा मसुदा मला पुन्हा निवांत वाचायचा होता. आता वाचलाय.

आधी त्या आकड्याची भीती काढून टाक. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा, मुख्य निबंध किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांचा. २०११ साली त्यांनी कमाल मर्यादा ५०० केली होती. मग २०१३ मध्ये ती ६५० वर नेली आणि फॉर्मच असा केला की त्यापुढचा शब्द आत जात नाही. तुझ्या यादीतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं मागतं, प्रत्येकी फार तर ३५० शब्द. आणि तुझी ती मैत्रीण इंग्लंडला अर्ज करतेय ना? तिथे शब्द मोजतच नाहीत, मोकळ्या जागांसकट ४००० अक्षरं मोजतात. आता तूच सांग, यातला खरा आकडा कुठला? हजारो अर्ज वाचणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी कुठेतरी रेघ ओढली आहे, एवढंच. त्या रेघेपर्यंत पोचलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

पण तुझे काउन्सेलर म्हणतात, जागा रिकामी ठेवलीस तर मेहनत कमी दिसेल. हे कुठून येतं ते मला चांगलं माहीत आहे. मी सगळी नोकरी शाळेत केली. परीक्षेत पुरवणी मागणाऱ्या मुलाकडे अख्खा वर्ग वळून बघतो, आणि पुरवणी न मागणाऱ्याला उगीच घाम फुटतो. तीच पुरवणी आता तू अमेरिकेला पाठवायला निघाली आहेस.

तुझ्या मसुद्यात काय आहे? रोबोटिक्सची स्पर्धा, मॉडेल युनायटेड नेशन्स, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवलंस ते, आणि कथकच्या परीक्षा. अगं, हे सगळं त्याच फॉर्मवर आधीच लिहिलेलं आहे! उपक्रमांसाठी दहा जागा आहेत, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. बक्षिसांसाठी पाच जागा वेगळ्या. मार्क मार्कलिस्टवर आहेत, तुझ्या शिस्तीबद्दल बाई शिफारसपत्रात लिहिणार आहेत. मग निबंधासाठी काय उरलं? जे दुसऱ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही तेवढंच. ते सांगायला जितके शब्द लागतील तितकी तुझ्या निबंधाची लांबी. माझं उत्तर एवढंच आहे.

आणि तुझ्याकडे ते आहे, सई. म्हणून तर मला तुझा राग आला. टँकरची वही तू एका वाक्यात उरकलीस. "पाणीपुरवठ्यातील तफावत शोधून उपाययोजना केली." हे वाक्य तुझं आहे? तू असं बोलतेस कधी?

त्या एप्रिलमध्ये वाघोलीच्या तुमच्या सोसायटीत रोज टँकर यायचे. त्यांच्या पाण्याचं मोजमाप लिहायची वही तू तुझी तू सुरू केलीस, कोणी सांगितलं नव्हतं. वॉचमनकाकांना वरची मोटर बंद ठेवायला लावून तू खालच्या टाकीत पट्टी सोडलीस. टाकीचा तळ चार मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला की पाणी एक मीटर चढायला हवं. ते ऐंशी-ब्याऐंशी सेंटिमीटरच चढायचं. हा हिशेब मला फोनवर सांगताना तुझा आवाज कसा झाला होता! निबंधात तो हिशेब नाही, पट्टी नाही. आणि ड्रायव्हरकाका तर कुठेच नाहीत. वॉल्व्ह गळतो, मालक दुरुस्त करत नाही, तक्रार झाली तर माझ्या पगारातून कापतील, असं ते तुला म्हणाले. त्या रात्री तू मला काय विचारलंस ते आठवतंय ना? तो प्रश्न लिही. मी उत्तर दिलं नव्हतं तेही लिही. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू कोणाचंही नाव न घेता एवढंच म्हणालीस, की यापुढे टाकीत चढलेलं पाणी मोजून तेवढ्याचेच पैसे देऊ या.

आमचा दादा तेव्हा सेक्रेटरी होता, आणि सगळ्यांसमोर बोललीस म्हणून तुझ्यावर चिडला होता. म्हणून गाळलंस का हे? त्याला मसुदा दाखवलाही नाहीस. तुला वाटतं तितका तो कोता नाही.

आता हे सगळं मोकळेपणाने लिहून काढ, हजार शब्द झाले तरी होऊ देत. मग कापायला बस. पहिला परिच्छेद बहुतेक नुसती तयारी असतो, तो जाईल. "यातून मी नेतृत्व शिकले" असा शेवट तर जायलाच हवा. जे वाक्य तुझ्या वर्गातली दुसरी कुणीही मुलगी लिहू शकेल तेही काढ. एवढं करून चारशेऐंशी उरले तर चारशेऐंशी पाठव. सहाशेचाळीस उरले आणि त्यातलं काहीच निघत नसेल, तर सहाशेचाळीस. मात्र सुटसुटीत दिसावं म्हणून तीनशेवर आणू नकोस. ड्रायव्हरकाकांचं बोलणं तीनशेत मावणार नाही, आणि ते गेलं तर उरलेल्यात काही राहत नाही.

कापणं तुला जमेल का, ही शंका मला नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुट्टी सोडून तू माझ्याकडे राहिलीस, रोज पेपर वाचून दाखवलास. बातमीतली पाल्हाळाची वाक्यं तू न सांगता गाळायचीस आणि मला काही चुकल्यासारखं कधी वाटलं नाही. तेव्हा तुला म्हणायचं राहिलं, आता म्हणते. त्या दिवसांत तू होतीस म्हणून मला अंधाराची भीती वाटली नाही.

तुझी मुदत १ नोव्हेंबरची आहे. नवा मसुदा या रविवारपर्यंत मला पाठव, आणि त्याआधी दादाला वाचायला दे.

तुझी,
आत्या