ताराराणींची सोळा वर्षं

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ताराराणी म्हणजे कावळा नाक्यावरचा पुतळा. मागच्या पायांवर उभा घोडा, हातात तलवार. पंचविशीत विधवा झालेली ही बाई सात वर्षं औरंगजेबाशी लढली, हे आम्हाला लहानपणापासून पाठ असतं.

पुढचं पन्हाळ्यावर घडलं, जिथे आम्ही पाऊस लागला की झुणका-भाकरी खायला जातो. शाहूंशी फाटल्यावर ताराराणींनी हा गड राजधानी केला. १७१४ मध्ये त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, तिथेच सत्ता पालटली. राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसला. ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले. त्या ३९ वर्षांच्या होत्या.

सज्जाकोठीत शंभूराजांना ठेवलं होतं, असं गाईड सांगतात. तिथे सेल्फीसाठी गर्दी असते. ताराराणींच्या कैदेबद्दल मात्र गडावर मला कुणी कधी सांगितलं नाही.

त्याच काळात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत जेल ही मुख्यतः खटला चालेपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत माणूस डांबायची जागा होती. हाल व्हायचे, पण कर्जदाराला निदान फेडायचा आकडा माहीत असायचा. ताराराणींवर ना खटला, ना मुदत. मुलगा गादीचा वारस होता, एवढंच. आमच्या कामात एखाद्याचा ॲक्सेस काढायला एक कमांड पुरते, तो माणूस निघून जातो. इथे माणूस तिथेच. काल मुजरा करणाऱ्यांतले किती जण आज पहाऱ्यावर असतील? खाली तीन दरवाजातून कोण आलं, नगारा कुणासाठी वाजला, हे ऐकू येत असेल का? मुलगा कैदेतच वारला. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेनं संभाजीला हरवलं आणि त्या साताऱ्याला गेल्या, तेव्हा ५५ वर्षांच्या होत्या. तिथेही नजरकैदच.

शाहूंनंतर त्यांनी रामराजाला गादीवर आणलं. राजसबाईंच्या भीतीनं तान्हेपणीच लपवून वाढवलेला आपला नातू, अशी त्यांनी त्याची ओळख दिली होती. तो त्यांच्या मनासारखा पेशव्यांविरुद्ध उभा राहिना, तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. दोन वर्षांनी जेजुरीला शपथेवर सांगितलं, तो आपला नातू नव्हेच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांचा रागच आला. आता तेवढा येत नाही, पण रामराजाची बाजूही सुटत नाही. पन्हाळ्याची सोळा वर्षं काढलेल्या बाईला कोठडी काय असते, हे सांगायची गरज नव्हती. तरीही ताराराणी १७६१ मध्ये वारल्या, तोवर तो साताऱ्यात अडकलेलाच होता.