देणे बाकी आहे

“हल्लीच्या मुलांना शिक्षकांची भीतीच उरली नाही!” हे वाक्य ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या पिढीत सापडणे कठीण. गॅदरिंगच्या भाषणात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठे ना कुठे ते कानी पडतेच. मीही ते आजवर हसण्यावारी नेत आलो. पण गेल्या मे महिन्यात ग्वाल्हेरच्या दाल बाजारात जे पाहिले, त्यानंतर मला हसता आले नाही.

आमच्या घरी वडिलांची भाषा कन्नड आणि आईची मराठी. माझी शाळा मराठी. गुरूंचा उल्लेख आदरार्थी करावा, हा संस्कार दोन्ही भाषांत आहे. मराठीत ‘सर आले’, कन्नडात ‘सर बंदरु’. परंतु वर्गाच्या दारात पहारा देणारा मुलगा आत ओरडतो तो ‘आला रे!’ किंवा ‘बंदा नोड!’ समोर अनेकवचन आणि पाठीमागे एकवचन, ही विद्या मला दोन्ही भाषांत उत्तम अवगत होती.

आईचे माहेर ग्वाल्हेर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली, तेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी तिथेच रुजली. माझे मामा अशाच एका घरातले. दाल बाजारात, घाऊक धान्याच्या एका पेढीवर ते हिशेबनीस आहेत. मी कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून बिले तपासत असे. बाहेर हातगाड्यांची गर्दी, पाठीवर पोती घेऊन धावणारे हमाल, हवेत डाळीची धूळ आणि सतत चाललेला भावाचा पुकारा. अशा ठिकाणी कोणाला कोणाकडे पाहायला सवड नसते.

एके दिवशी दुपारी एक वृद्ध गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन हळूहळू पायरी चढले. मामा ताडकन उठले आणि त्यांच्या पाया पडले. गल्ल्यावरच्या शेठजींनीही “आइए मास्साब” म्हणत हात जोडले. जिथे पोत्यांचा सौदा होतो, तिथे या गृहस्थांना एक किलो तूरडाळ स्वतः शेठजींनी पाखडून, मोजून दिली. गुरुजींनी पैसे मात्र मोजून ठेवले.

ते गेल्यावर मी विचारले, “मामा, यांनी तुम्हाला खूप मारले असेल, नाही?”

मामा हसले. “मारलं ना! हात सुजेपर्यंत मारलं. पण त्याच्यासाठी कोण उठतो रे? माझे वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सोडून याच बाजारात पोती मोजायला लागलो. गुरुजी रोज संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या वेळी यायचे, या ओट्यावर बसून गणित शिकवायचे. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्मही त्यांनीच भरला.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि ऐक, त्यांच्या छडीच्या भीतीनं माझ्या बाकावरचा एक मुलगा शाळेतून पळाला, तो परत आलाच नाही. तेही खरं आहे.”

त्या रात्री गच्चीवर मला झोप आली नाही. छडी गेली म्हणून आदर गेला असे जे म्हणतात, त्यांचा हिशेब कुठेतरी चुकतो आहे असे वाटू लागले. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोहोंस बंदी केली. माझी पिढी या कायद्यानंतरच शाळेत गेली. मामांच्या बाकावरचा तो मुलगा आठवला की ही बंदी योग्यच वाटते.

शिवाय शिस्तीचे रूप काही आजच बदललेले नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे विद्या घेतली आणि ही गायकी आपल्या मिरजेकडे आणली. गुरुगृही राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूंच्या मर्जीने शिकावे, असा तो काळ होता. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि अभ्यासक्रम नेमून वर्गात गाणे शिकवले. रीत पार बदलली, तरी गुरूंचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणे काही गवयांनी सोडले नाही.

पण मग याच मध्य प्रदेशातील उज्जैनचे काय? तेथील माधव महाविद्यालयात २००६ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून वाद पेटला आणि प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल मारहाणीनंतर मरण पावले. खटला नागपूरला चालला. २००९ मध्ये सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले. भर दिवसा, महाविद्यालयाच्या आवारात घडलेल्या गोष्टीला पुरावा मिळू नये! ज्यांनी पाहिले ते गप्प राहिले असतील का?

इथे मला माझीच गोष्ट आठवली. २०२० च्या टाळेबंदीत आमचे गणिताचे सर घरून मोबाईलवर शिकवत. फळा नव्हता म्हणून ते कपाटाच्या दारावर खडूने गणिते सोडवत आणि दर दोन मिनिटांनी विचारत, “दिसतंय का?” मी ते चोरून टिपले, मागे गाणे लावले आणि मित्रांना पाठवले. दोन दिवसांत ते गावभर झाले. सरांनीही पाहिले. ते कोणावर रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी “दिसतंय का?” विचारणे बंद केले. ज्यांचे मोबाईल साधे होते, त्यांना मग खरोखरच दिसले नाही. त्यांपैकी एकाने पुढे गणित कायमचे सोडले. व्हिडिओ कोणी काढला हे वर्गातल्या सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही, आणि मीही बोललो नाही.

ग्वाल्हेरहून परतल्यावर मी सरांच्या घरी गेलो. दारातच सर्व सांगून टाकले. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कोणीतरी येईल असं वाटलं होतं. पाच वर्षं लागली.” नंतर त्यांनी आत बोलावले, चहा दिला आणि माझा कॉस्टिंगचा पेपर कसा गेला ते विचारले.

माझे देणे फिटले असे मी म्हणत नाही. ज्या मित्राचे गणित सुटले, त्याच्याकडे जाणे अजून राहिले आहे. वाचकहो, आपल्याही वहीत अशी एखादी बाकी असेल, तर ती वेळेवर फेडावी. आणि पुढे कधी वर्गाच्या दारात पहाऱ्याला उभा राहिलो, तर मी आत एवढेच सांगेन, “सर आले.”