तेलीबांधा : तळ्याकाठचा नाताळ आणि साडेतीन हात माती

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते, डोंगरगडचे डोंगर ओलांडते आणि राजनांदगाव, दुर्ग, भिलाई करीत रायपूरला पोहोचते. मराठी माणसाला हे शहर फारसे परके वाटत नाही. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले, तरी पुढे मध्य प्रांतात रायपूरचा कारभार नागपूरशीच जोडलेला राहिला. आज रायपूर छत्तीसगडची राजधानी आहे.

शहराच्या पूर्वेला तेलीबांधा लागते. छत्तीसगडीत 'बांधा' म्हणजे तलाव. रायपूर हे मुळात तलावांचेच गाव, आणि त्यातला हा सर्वांत गजबजलेला. जी. ई. रोड त्याच्या काठाने जातो. काठ बांधून काढल्यापासून लोक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले. २०१६ मध्ये येथे ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला गेला. संध्याकाळी मुले सायकली फिरवतात, आजोबा बाकावर टेकतात, बायका गुपचूपच्या गाडीभोवती घोळका करतात. गुपचूप म्हणजे आपली पाणीपुरी. विदर्भातल्या पाहुण्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी

२४ डिसेंबर २०२५ रोजी मात्र या परिसराचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर गेले. त्या दिवशी 'छत्तीसगड बंद' होता. तेलीबांध्याजवळच्या मॅग्नेटो मॉलमध्ये जमाव घुसला आणि त्याने नाताळसाठी केलेली सजावट मोडून टाकली. तेलीबांधा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला.

मॉलमधली सजावट म्हणजे चर्च नव्हे. ती ग्राहकांसाठी केलेली दुकानदारीची आरास. मग राग तिच्यावर का निघाला? बंदचे कारण रायपूरपासून बरेच दूर, कांकेर जिल्ह्यातल्या आमाबेडा भागातील एका गावात होते. तेथे सरपंचाच्या वडिलांचे ख्रिस्ती पद्धतीने दफन झाले. गावकऱ्यांनी त्याला हरकत घेतली, हाणामारी झाली, अखेर प्रेत उकरून बाहेर काढण्यात आले. भांडण देवाचे नव्हते, जमिनीच्या एका तुकड्याचे होते.

छत्तीसगडमधल्या ख्रिस्ती माणसापुढचा आजचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. प्रार्थना घरातही करता येते. पण मेल्यावर लागणारी साडेतीन हात माती कोणाकडे मागायची?

छोट्या रेल्वेच्या वाटेने

तेलीबांध्यावरून पूर्वी धमतरीला छोटी रेल्वे जायची. ती १९०० च्या सुमारास सुरू झाली. शहरातल्या तिच्या मार्गावर आता एक्सप्रेस-वे आहे. अमेरिकेतील मेनोनाइट पंथाचे मिशनरी १८९९ मध्ये धमतरीला आले, तेव्हा या भागावर भीषण दुष्काळाची छाया होती. अनाथ मुलांना आसरा देणे आणि कुष्ठरोग्यांची सेवा करणे ही त्यांची सुरुवातीची कामे. १९१० मध्ये त्यांनी सुरू केलेल्या दवाखान्याचे पुढे मोठे रुग्णालय झाले.

त्याआधी, १८६८ मध्ये, ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी रायपूरला आले होते. रायपूरच्या उत्तरेकडे त्यांनी जमीन घेऊन 'बिसरामपूर' वसवले. बिसराम म्हणजे विसावा. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथातील काही कुटुंबे तेथे ख्रिस्ती झाली. पण या विसाव्याच्या गावाचे मालगुजार मिशनरीच होते. ज्याच्याकडून धर्म घ्यायचा, त्याच्याच जमिनीवर राबायचे. माती मिळाली, पण ती साहेबाकडून मिळाली. 'यांचा धर्म परक्यांचा' हा आरोप पुढे चिकटला, त्याचे एक मूळ इथे आहे.

या परकेपणावर पहिला मोठा विचार केला तो एका मराठी कवीने. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घराची त्यामुळे काय उलथापालथ झाली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने मराठी घराघरात पोहोचवले आहे. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन-कीर्तन आणले आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत होते. ख्रिस्त हवा, पण त्यासाठी आपली माणसे सुटायला नकोत, ही त्यामागची तळमळ. दोन वर्षांनी टिळक गेले. प्रश्न राहिला.

कायदा काय म्हणतो?

धर्मांतराविषयीच्या कायद्याच्या इतिहासातही रायपूरचे स्थान मोठे आहे. जुन्या मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ मध्ये बळजबरी, आमिष आणि फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घालणारा कायदा झाला. त्याला आव्हान देणारे फादर स्टॅनिस्लॉस रायपूरचे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आपल्या धर्माची शिकवण सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

जगण्याचा हा हिशेब झाला. मरणाचा हिशेब २०२५ मध्ये न्यायालयात आला. बस्तरमधील छिंदवाडा गावात एका पाद्र्याचे ७ जानेवारीला निधन झाले. गावाने दफनाला विरोध केला आणि मुलाला उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. वीस दिवस प्रेत शवागारात होते. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकांच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावे. दुसऱ्यांच्या मते ते ठरलेल्या दफनभूमीतच व्हायला हवे. प्रेताची आणखी हेळसांड नको म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या करकापाल येथे दफनाचा आदेश निघाला. ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीसाठी राज्यभर जागा निश्चित कराव्यात, असेही न्यायालयाने सरकारला सांगितले.

दोन्ही बाजूंची भीती

विरोध करणाऱ्या आदिवासी गावकऱ्याचेही काही म्हणणे आहे. बस्तरच्या गावात देवगुडी असते, पेरणीपासून नव्या पिकापर्यंत सगळे गावदेवाला विचारून होते. सणाची वर्गणी, पूजा, बाजाररहाट यांत सगळे गाव एक. काही कुटुंबे त्यातून बाहेर पडली की बाकीच्यांना वाटते, गावाची वीणच उसवली. ही भीती खोटी नाही. पण तिचा राग काढण्यासाठी मेलेल्या माणसाला वेठीला धरणे, हा कोणत्या गावदेवाचा न्याय?

चर्चनेही स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. एकीचे ते मोठे पाऊल होते. रायपूरच्या सिव्हिल लाइन्समधले सेंट पॉल आणि बैरन बाजारातले कॅथलिकांचे सेंट जोसेफ ही प्रतिष्ठित कॅथेड्रले आहेत. पण आज खेड्यात श्रद्धावान वाढतात ते बहुधा घरातल्या लहान प्रार्थनासभांत. त्यांच्या पाद्र्यामागे ना मोठी संस्था, ना वकील, ना दफनभूमी. मार बसतो तो त्यांना. शहरातल्या जुन्या मंडळ्या पुष्कळदा त्यांना आपले म्हणायला कचरतात.

जातही चर्चच्या दारात गळून पडलेली नाही. बिसरामपूरच्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांतही सोयरीक जुन्या नात्यागोत्यांतच होत राहिली. वर सरकारी नियम असा, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती झाला तर त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. आदिवासीचा दर्जा जात नाही, पण तोही काढावा अशी मागणी आता जोरात आहे. म्हणजे सतनामी वळणाचा ख्रिस्ती सवलतीला मुकतो, आणि समाज मात्र त्याची जात विसरत नाही. दलित ख्रिस्त्यांच्या प्रश्नासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला.

२०११ च्या जनगणनेत छत्तीसगडमध्ये ख्रिस्ती दोन टक्क्यांहूनही कमी होते. एवढ्या थोड्या लोकांच्या दफनाची सोय करणे सरकारला अवघड नाही. अवघड आहे ते शेजाऱ्याला शेजारी म्हणणे. ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, ज्याच्या लग्नात आपण जेवलो, तो दुसऱ्या देवाला हात जोडू लागला म्हणून गावातला राहत नाही का? आणि त्यालाही गावाच्या सुखदुःखात पूर्वीसारखेच उभे राहता येणार नाही का?

रायपूरला जाणाऱ्याने तेलीबांध्याच्या काठी संध्याकाळ जरूर घालवावी. जमल्यास ऐंशीएक किलोमीटरवरच्या धमतरीलाही जाऊन यावे. शंभराहून अधिक वर्षे तेथल्या रुग्णालयात आसपासच्या खेड्यांतली माणसे येत आहेत. तिथल्या खाटेवर शेजारी कोण, हे दुखणाईत विचारीत नाही. हा प्रश्न त्याला पडतो तो बरा होऊन गावी परतल्यावर.