सोयाबीन माझं, द्राक्षं धाकट्याची

बार्शी तालुक्यातल्या वैरागात आमच्या एका घरात दोन पिकं आहेत आणि दोन मतं. विहिरीच्या अंगाला धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे, वरच्या कोरडवाहू रानात माझं सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. धाकट्याचा माल युरोपला जातो, त्यामुळे त्याला बाहेरची सगळी दारं उघडी हवीत. माझ्या सोयाबीनचा भाव अर्जेंटिना-ब्राझीलहून येणाऱ्या तेलाशी बांधलेला, त्यामुळे मला आपलं दार लावलेलं हवं. सातबारा वेगळा झाला असला तरी चूल एक आहे, म्हणून हा वाद रोज जेवताना व्हायचा आणि ताट धुतलं की संपायचा. कागदावर मात्र तो एकदाच उतरला.

2025 च्या पावसाळ्यात निर्यातक्षम द्राक्षं पिकवणाऱ्यांची एक बैठक सोलापुरात झाली. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराची बोलणी जोरात होती. 2007 साली सुरू झालेली ही बोलणी 2013 साली थांबली आणि 2022 साली पुन्हा उभी राहिली. आता ती संपवायची घाई दिसत होती, आणि उत्पादकांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं असं ठरलं होतं. धाकटा बागायतदार म्हणून गेला, मी गाडीत जागा होती म्हणून.

तिथे वाणिज्य खात्यात पूर्वी काम केलेले एक निवृत्त गृहस्थ समजावून सांगायला आले होते. त्यांनी भाषण केलं नाही, एक तक्ता दाखवला. जगातल्या प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा एक आकडा असतो. ताजी द्राक्षं आणि बेदाणा 0806, सोयाबीन तेल 1507, सोयापेंड 2304. प्रत्येक आकड्यासमोर लिहायचं, की शुल्क करार लागू होताच जाईल, पाच-सात-दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं जाईल, ठरावीक टनांपुरतंच कमी होईल, की हा माल करारातून वगळायचा. असे हजारो आकडे. टीव्हीवर आपल्याला शेवटचं हस्तांदोलन दिसतं, त्याआधीची वर्षं हे रकाने भरण्यात जातात. एका रकान्यात सूट मिळवायची तर दुसऱ्या रकान्यात द्यावी लागते.

द्राक्षाचा रकाना धाकट्याला तोंडपाठ होता. आपल्या द्राक्षांवर युरोपात आठ टक्के शुल्क, आणि चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेच्या मालावर शून्य. या देशांनी आधीच करार केले. दक्षिण आफ्रिकेनं तर शेजारच्या देशांचा गट घेऊन 2016 साली केला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला माल युरोपात पोचतो तेव्हा दुकानातल्या त्याच फळीवर त्यांचाही असतो.

"तेवढे आठ टक्के गेले की झालं का?" मी विचारलं.

धाकट्याच्या आधी त्या गृहस्थांनीच मान हलवली. "शुल्क जाईल, तपासणी जाणार नाही."

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा अनेक बागायतदार बसले ते दोन-दोन हंगाम उठले नाहीत. तेव्हापासून प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, रेसिड्यूचा रिपोर्ट, मगच पॅकहाऊस. कराराच्या कागदात शून्य लिहिलं तरी ही वही लिहावीच लागणार.

बैठकीत एक कोरा नमुना मिळाला. काय हवं आणि काय नको, ते लिहून द्यायचं. घरी आल्यावर धाकट्यानं 'काय हवं' पाच मिनिटांत भरलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "दादा, नको ते तू लिही. तुझं तेच असतं."

मी लिहायला बसलो आणि अडलो. माझं नुकसान करणाऱ्या कराराचं नाव मला लिहिता येईना. म्हणून विक्रीच्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि भाव पडले ती वर्षं आठवू लागलो.

2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन कधी नव्हे ते क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. ऑगस्टमध्ये कुक्कुटपालनासाठी बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली आणि आमचा माल बाजारात येईपर्यंत हवा निघून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तूर आयातीसाठी मोकळी झाली होती, ती मुदत पुढे वाढतच राहिली. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेलं, तेव्हा मला वाटलं आता सोयाबीन उठेल. हमीभाव 4,892 होता, पण अडत्याकडे माल त्याच्या खालीच गेला, कारण सोयाबीनमध्ये तेल पाचवा हिस्साही नसतं, बाकी पेंड, आणि पेंडीचे दर जगभर उतरलेले होते. मग 2025 च्या मेअखेर, पेरणीच्या तोंडावर, ते शुल्क निम्म्यावर आणलं.

यातली एकही गोष्ट कराराची नव्हती. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे यांच्या मर्कोसुर गटाशी भारताचा करार 2009 पासून लागू आहे, पण तो दोन्हीकडच्या साडेचारशेच्या आसपास वस्तूंना काही टक्के सवलत देण्यापुरता. मला लागलेले फटके एकेका अधिसूचनेचे होते. आदल्या दिवशी कुणी विचारत नाही, दुसऱ्या दिवशी लिलावात कळतं. ज्या कराराला मी इतकी वर्षं शिव्या देत होतो, त्यात निदान यादी असते, वगळायचा रकाना असतो आणि आमच्यासारख्यांना कोरा नमुना मिळतो. तेव्हा मी 'नको' खाली एवढंच लिहिलं: सोयापेंड वगळावी. त्याखाली आणखी एक ओळ: पेरणी ते विक्री या काळात तेल आणि कडधान्यांचं शुल्क बदलू नये.

धाकट्यानं वाचलं आणि म्हणाला, "दुसरी ओळ माझ्या द्राक्षालाही लागू आहे. आपण कधी काय बदलतो याचा भरवसा नसेल, तर समोरचा तरी कशाला देईल?" आमच्या घरात या विषयावर पहिल्यांदाच एकमत झालं.

कागद पोचवायला गेलो तेव्हा ते गृहस्थ पुन्हा भेटले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे होण्यासारखं आहे, स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी 2024 साली केलेल्या करारातही सोया बाहेर ठेवलंय. दुसरी ओळ वाचून हसले. "ही मागणी युरोपकडे करता येत नाही. ही तुमची आणि दिल्लीची बाब आहे."

जानेवारी 2026 मध्ये दोन बातम्या दहा दिवसांच्या अंतरानं आल्या. 17 तारखेला पराग्वेची राजधानी असुन्सिओन इथे युरोपीय संघ आणि मर्कोसुर या दोन गटांनी पंचवीसहून अधिक वर्षं रखडलेल्या करारावर सह्या केल्या. त्याआधी युरोपातले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले होते. दक्षिण अमेरिकेचं गोमांस 99 हजार टनांपर्यंत कमी शुल्कात येणार म्हणून फ्रान्सचा शेतकरी चिडला होता, तर मोटारी विकायला मिळणार म्हणून जर्मनीचा कारखानदार खूश होता. मला ब्राझीलची जशी भीती, तशीच त्या फ्रेंच शेतकऱ्याला, हे वाचून बरं वाटलं असं नाही, पण तो परका राहिला नाही. धाकट्यानं मात्र वेगळंच वाचलं होतं. ब्राझीलच्या पेट्रोलिना भागातून द्राक्षं युरोपला जातात, आणि या करारात त्यांच्यावरचंही शुल्क जाणार आहे.

27 जानेवारीला भारत आणि युरोपीय संघाची बोलणी पूर्ण झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं. द्राक्षांना सवलतीचं दार मिळालं. दूध, धान्य, कोंबडी आणि सोयापेंड आपण राखून ठेवली. युरोपच्या वाइनवरचं दीडशे टक्के शुल्क टप्प्याटप्प्यानं खूप खाली येणार, पण ते दुखणं नाशिककडचं, आमच्याकडे खायची द्राक्षं. कायदेशीर तपासणी, सह्या, युरोपीय संसदेची मंजुरी हे सगळं त्याच्यानंतरचं.

म्हणजे आमच्या कागदावरच्या 'हवं' आणि 'नको' या दोन्ही गोष्टी झाल्या. आमच्या कागदामुळे झाल्या असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण परदेशाशी बोलताना सरकारनं माझ्या सोयाबीनसाठी रकाना ठेवला, एवढं खरं. दुसऱ्या ओळीसाठी कुठलं टेबल, कुठली फेरी, कुठला नमुना? युरोपच्या सत्तावीस देशांशी ठरवता येतं की अमुक वर्षी अमुक टक्के, आणि ते मोडायचं तर कारण द्यावं लागतं. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला जूनमध्ये दिसलेलं शुल्क ऑक्टोबरात तेच असेल, एवढं लिहून देणारा करार मला हवा आहे. धाकटा म्हणतो, त्यावर तोही सही करेल.