मग काय होतं?

गेले तीन आठवडे काही लिहून झालं नाही. घरात परीक्षा होती. माझी नव्हे, नातीची. पण परीक्षा एकदा घरात शिरली की ती एकट्याची राहत नाही, हे ज्यांच्याकडे शिकती मुलं आहेत त्यांना मी काय सांगावं!

नात नागपूरला बी.एस्सी. नर्सिंगला आहे. अभ्यासाची सुट्टी लागली तशी होस्टेलवरून इकडे गोंदियाला आली. कपड्यांची एवढीशी पिशवी आणि पुस्तकांची ही मोठी बॅग. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "आबाजी, तुम्ही माझं पाठांतर घ्या ना." मी म्हटलं, "अगं, मी मराठी माध्यमाचा बी.ए. मराठी अन् इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. मला तुझ्या पुस्तकातलं काय कळणार?" तर म्हणे, "कळायची गरजच नाही. वही धरायची अन् मी कुठे चुकून राहिली तेवढं पाहायचं."

धरली वही. प्रत्येक रोगाखाली तेच मथळे. व्याख्या, कारणं, पॅथोफिजिऑलॉजी, लक्षणं, उपचार, शुश्रूषा. तो तिसरा शब्द मला दोन दिवस नीट उच्चारता आला नाही. अर्थ विचारला तर म्हणाली, "शरीरात बिघाड कसा कसा होत जातो, ते." वहीत तो बाणांनी मांडलेला होता. एक ओळ, खाली बाण, पुन्हा ओळ, पुन्हा बाण. अशा दहा-बारा पायऱ्या, आणि पोरगी ते बाण पाढ्यांसारखे पाठ करत होती. मधला एक बाण सुटला की सगळं अडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला हे चांगलंच ओळखीचं. पस्तीस वर्षं मी पोरांकडून १८५७ च्या उठावाची कारणं अशीच घोकून घेतली. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी. एखादं विसरलं की पोरगं वर कवेलूंकडे बघत उभं!

तिसऱ्या दिवशी मी वही मिटली. म्हटलं, "बाण सोड. मला समजेल असं मराठीत सांग. मी प्रत्येक वाक्यानंतर एकच विचारीन, मग काय होतं?" ती कुरकुरली, "आबाजी, पेपर इंग्रजीत लिहायचा असतो." म्हटलं, "लिही की इंग्रजीत. आधी समजू तर दे."

त्या दिवशीचा धडा होता सिकल सेल. आपल्या भागाला हे नाव नवीन नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, कुठल्याही गावात विचारा, कोणाच्या तरी घरात तो निघतोच. पण नाव ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं. सिकल म्हणजे विळा. आपण धान कापतो तो इळा.

नात सांगू लागली. रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. त्यातली बीटा नावाची साखळी १४६ मण्यांची. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसलं.

"एका मण्याचाच फरक?"

"एकाच."

"मग काय होतं?"

"प्राणवायू सोडला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटतात. त्यांच्या लांब दोऱ्या होतात. पेशी ताठ होते अन् इळ्यासारखी वाकते."

"मग?"

"चांगली पेशी मऊ असते, बारीक केशवाहिनीतून दुमडून निघून जाते. ही अडकते. तिच्यामागे दुसरी अडकते."

मी म्हटलं, "थांब. हे मला येतं. पाटात तणस अडकली की पाणी तुंबतं, अन् शेवटच्या बांधीला पोचत नाही."

"हो आबाजी! अन् ती बांधी वाळते. इथे हाडं, सांधे, छाती, जिथे रक्त पोचत नाही तिथे भयंकर दुखतं."

मग गाडी छान चालली. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. मग काय होतं? रक्त कमी पडतं, थकवा येतो. फुटलेल्या पेशींतून पिवळं द्रव्य तयार होतं. मग काय होतं? डोळे पिवळे दिसतात. प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून जंतुसंसर्गाची भीती जास्त. वहीत न बघता पोरगी भराभर सांगत होती. मलाही मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मग ती मूत्रपिंडावर आली. म्हणाली, "मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू आधीच कमी. तिथे पेशी लवकर वाकतात, तो भाग खराब होतो. मग मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही."

"मग काय होतं?"

"लघवीला सारखं जावं लागतं. सारखी तहान लागते. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आणखी वाकतात अन् दुखणं उठतं. थंडीनं, तापानं, फार धावपळीनंही उठतं. म्हणून शुश्रूषेत पाणी भरपूर द्यायचं, अगदी सुरुवातीलाच लिहायचं."

मी पुढचं 'मग' विचारलं नाही. ती म्हणाली, "आबाजी, विचारा ना." मी म्हटलं, जरा चहा घेऊ.

१९७९ चा हिवाळा. मी देवरीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी शिकवत होतो. तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. आठवीच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसायचा. किडकिडीत, वयाच्या मानानं लहान दिसणारा. आठवड्यातले दोन दिवस गैरहजर. विचारलं तर "पाय दुखत होते जी" एवढंच. त्याचे डोळे पिवळट होते. हे मला आज आठवतं, म्हणजे तेव्हा ते मला दिसलेलं होतं.

आणि तो तासाला दोनदा उभा राहायचा. "गुरुजी, पाणी प्यायला जाऊ? गुरुजी, लघवीला जाऊ?" सारा वर्ग हसायचा. मला वाटलं, अभ्यास टाळायचे बहाणे. मी नियम केला, तास संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. नियम सगळ्यांसाठी होता, पण केला होता त्याच्यासाठी. कवायतीला तो मागे राहिला म्हणून डिसेंबरच्या थंडीत मैदानाला एक फेरी जास्तीची मारायला लावली. कामचोर म्हणालो, सगळ्यांसमोर. त्यानंतर तो आठ दिवस आला नाही. नववीत तर आलाच नाही. सतरा-अठरा वर्षांचा असताना तो गेला, असं पुढे कानावर आलं. कशानं गेला हे मी विचारलंही नाही.

चहा पिता पिता हे नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आबाजी, रक्त तपासल्याशिवाय सिकल सेलच होता असं म्हणता येत नाही. अन् तेव्हा तुमच्या त्या गावात तपासणी कुठे होती?" बरोबर आहे तिचं. तिला आता असंच बोलायला शिकवतात, पुराव्यानं.

रात्री तिच्या पुस्तकातला इतिहासाचा भाग तिच्याकडून समजून घेतला. तो माझा विषय. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका इस्पितळात ग्रेनाडा बेटावरचा एक तरुण दाखल झाला. वॉल्टर क्लेमेंट नोएल, दंतवैद्यकीचा विद्यार्थी, विशीतला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि विचित्र लांबट, विळ्यासारख्या पेशी टिपून ठेवल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते प्रसिद्ध केलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. म्हणजे मी त्या पोराला फेरी मारायला लावली तेव्हा हा रोग पुस्तकात येऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, खरं आहे. पण डोळे पिवळे आहेत हे बघायला तो लागत नाही. "पाय रोज का दुखतात रे?" एवढं विचारायलाही लागत नाही. वर्गात दिवसाला शंभर प्रश्न विचारणारा माणूस मी. त्यातला एक त्याच्या वाट्याला आला नाही.

आता काळ बदलला आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळ्यांनी दुखणं उठण्याचं प्रमाण कमी होतं. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, हे नातीनं मला कागदावर चौकट काढून समजावलं. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो. त्याचं त्यालाही माहीत नसतं. तेव्हा आपल्या नात्यात ज्यांच्याकडे लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांनी पत्रिका बघायची तर बघा, पण आधी दोघांचं रक्त तपासून घ्या. वाहक निघाला म्हणून कोणाला नावं मात्र ठेवू नका.

पेपर झाला. संध्याकाळी फोन आला. सिकल सेल आलाच नाही! यकृताचा सिरॉसिस आला मोठ्या प्रश्नाला. "पण आबाजी, बाण आठवलेच नाहीत, अन् मी मनातल्या मनात 'मग काय होतं, मग काय होतं' करत गेली. पूर्ण लिहिलं." निकाल लागायचा आहे.

असो. आपल्या घराण्यात अजून तिघंजण मास्तरकी करताहेत, आणि हे ते वाचतात असं मला कळलं आहे. त्यांना एवढंच सांगणं. तास चालू असताना एखादं पोर "पाणी प्यायला जाऊ का" म्हणालं तर जाऊ द्या. दुसऱ्यांदा म्हणालं तरी जाऊ द्या. आणि तेच पोर रोज म्हणत असेल, तर त्याला जवळ बोलावून जरा डोळे बघा.